बाई गाडीत बसली न्हाई

मी मोजणी खात्यात नोकरी केली. निवृत्त होईपर्यंत लोकांच्या शेतांचे बांध मोजले. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी मी तुमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त ऐकल्या असतील. अमक्या बांधावर मुंजा आहे, तमक्या चिंचेखाली बाई उभी असते, सरकारी माणसाने तिकडे जाऊ नये... माझा अनुभव असा की, ज्या बांधावर भूत असतं तो बांध दरवर्षी थोडा थोडा सरकतो, आणि नेमका शेजाऱ्याच्याच बाजूला सरकतो. साखळी लावली, हद्दीचा दगड सापडला, की भूत पळतं आणि भांडण तेवढं उरतं. तेव्हा या असल्या प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही "आहे" म्हणायला जीभ रेटत नाही. पण जे झालं ते झालं, आणि ते पोटात ठेवून जगणं मला जमेनासं झालंय. नावं बदलली आहेत. गावं खरी आहेत.

आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. सावेडीत घर आहे. माझी बायको शैला गेल्या वर्षीच्या शिमग्यात गेली. दिवाळीचा फराळ करता करता पोटात दुखायला लागलं, पित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी, मग पुण्याचे डॉक्टर. स्वादुपिंडाचा कॅन्सर. केमोने तिची वेणी गेली — गुडघ्याला टेकेल अशी वेणी होती, गल्लीतल्या पोरी तेलाचं नाव विचारायला यायच्या — आणि मग तीही गेली. सगळं इतक्या झपाट्याने, की मी हॉस्पिटलची पार्किंगची जागा पाठ करेपर्यंत तिथे जायचं कारण संपलं.

शैलाचं माहेर देवळाली प्रवरा. कॅनॉलच्या कडेला ऊस, त्यात ती वाढलेली. पाण्याची विलक्षण हौस, पण समुद्र आयुष्यात पाहिलेला नव्हता. आधी आमच्या मुलीचं, केतकीचं शिक्षण, मग माझी बदली, मग तिच्या वडिलांचं आजारपण... शेवटी माझ्या निवृत्तीनंतर तिनेच नगरमधल्या एका छोट्या टूरवाल्याचं माहितीपत्रक आणून फ्रिजवर चिकटवलं. पाचगणी, महाबळेश्वर, मग घाट उतरून दापोलीकडचा किनारा, गुहागर आणि परत. पत्रक चिकटवलं आणि दुखणं सुरू झालं.

या जानेवारीत त्याच टूरचं बुकिंग केतकीने परस्पर करून टाकलं. वर्षश्राद्धही झालेलं नव्हतं, नातेवाइकांनी नाकं मुरडली. मीही नाही म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सकाळपासून फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसता. शेजारच्या काकूंनी मला फोन केला होता." तिने माझ्यासाठी दोन सीट घेतल्या. शेजारी कुणी अनोळखी माणूस येऊन चौकशा करायला नको म्हणून.

टूरच्या व्यवस्थापक मंजूताई. पन्नाशीच्या, आवाज असा की माइकची गरज नव्हती, तरी माइक सोडायच्या नाहीत. त्यांनी नगर सोडल्या सोडल्या एक नियम सांगितला. पूर्वी म्हणे त्या गाडीत डोकी मोजायच्या. एकदा एक गृहस्थ ढाब्यावर स्वच्छतागृहातच राहिले, गाडी घाट चढून गेली, आणि त्यांची बायको शेजारच्या सीटवर सुखाने घोरत होती. तेव्हापासून त्या डोकी मोजत नाहीत. प्रत्येकाला एक जोडीदार देतात. नवऱ्याला बायको नाही — "कारण नवरा-बायको एकमेकांकडे बघतच नाहीत!" असं म्हणून स्वतःच हसल्या — तर दुसऱ्या घरातलं माणूस. गाडी सुटायच्या आधी प्रत्येकाने आपला जोडीदार गाडीत आहे का ते डोळ्यांनी बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. एक जरी आवाज आला नाही, तरी गाडी हलणार नाही.

एकट्या आलेल्या दोनच सवाऱ्या होत्या. एक मी आणि दुसऱ्या आक्का. साहजिकच आम्ही एकमेकांच्या वाट्याला आलो.

आक्का जामखेडकडच्या. सत्तरीच्या, अंगाने दणकट, हातात सोन्याच्या पाटल्या. दोन्ही मुलांनी "आई, जरा हिंडून ये" म्हणून गाडीत बसवून दिलेलं. माझ्या पलीकडच्या रांगेत सीटवर मांडी घालून बसल्या आणि धपाट्यांचा डबा उघडून अर्ध्या गाडीला वाटत सुटल्या. ड्रायव्हरला "हळू चालव रं" म्हणून दर पाच मिनिटांनी दम. पुढे हॉटेलात गिझर घुमायला लागला तर "आत कोन हाय?" म्हणून त्यांनी मॅनेजरला वर बोलावलं. हे मुद्दाम सांगतोय. बाई काही अंगात येणाऱ्यांपैकी नव्हत्या, देवऋषी नव्हत्या, उलट सगळ्या गोष्टींत जरा गडबडच असायची त्यांची.

शिरवळला चहा झाला. सगळे गाडीत चढले. मंजूताई म्हणाल्या, "चला, जोडी सांगा!" मागून आवाज यायला लागले. कुलकर्णी आहेत... पवार वहिनी आहेत... मी म्हणालो, "आक्का आहेत." आक्कांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि खणखणीत सांगितलं,

"हायेत. दोघंबी हायेत."

मला वाटलं, पुढच्या सीटवरच्या बाई माझ्यासोबत आहेत असा त्यांचा समज झाला असेल. मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

पाचगणीला टेबललँडवर गेलो. लाल माती, वारा, घोडे. मी एका बाजूला उभा होतो. आक्का आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मालकीनबाईला बसवा की घोड्यावर. कवाधरनं बघतीया."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीने माझ्या मागे दाखवलं. मी वळलो. तिथे कुणी नव्हतं. लांबवर एक बर्फगोळेवाला आणि त्याची छत्री, बाकी मोकळं पठार.

"ती नाही आलेली," मी तुटकपणे म्हणालो.

आक्का तोंडाला पदर लावून हसल्या. "रुसलाय व्हय एकमेकावर? असू दे, असू दे. ट्रिपमधी लई भांडनं व्हत्यात." आणि मग माझ्या मागे कौतुकाने बघत, "पर भाऊ, केस काय हायेत वो बाईचे! या वयात येवढी येनी म्या कुनाचीच न्हाई बघितली. गुडघ्याला लागतीया."

मी तिथून निघून आलो. रागच आला होता. माझ्या फोनमध्ये शैलाचे फोटो आहेत, पण ते आजारपणातले — केतकीने विणलेली तपकिरी टोपी घातलेले. वेणीचे फोटो जुन्या अल्बममध्ये घरी. टूरमध्ये मला ओळखणारं कुणी नव्हतं, मी कुणाशी दोन वाक्यं बोललो नव्हतो. कुणी सांगितलं असेल यांना? आणि सांगितलं तर थट्टा म्हणून असलं कोण करेल? मी आक्कांना सरळ सांगून टाकायला हवं होतं की, ती वारली. पण खरं सांगू का, "वारली" हा शब्द मी तोवर एकदाही तोंडाने उच्चारला नव्हता. "गेली" म्हणायचो. गेली म्हणजे भाजी आणायलाही जातं माणूस.

महाबळेश्वरला रात्रीच्या जेवणाला आक्कांनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. एक गृहस्थ बसायला आले तर त्यांना हुसकावलं. "बाईची जागा हाय ती." जेवण झाल्यावर मंजूताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, मला केतकीने फोनवर सगळं सांगितलं होतं. मी आक्कांना समजावून सांगू का? वयामुळे होतं कधी कधी."

"तुम्ही त्यांना सांगितलं होतं का काही? वेणीचं वगैरे?"

"मी? मला वेणीचं काय माहीत, काका?"

मी म्हणालो, राहू द्या, म्हातारं माणूस आहे. पण आतून काहीतरी हललं होतं आणि मला ते स्थिर करायचं होतं. तीस वर्षं मी एकच काम केलं. कुणी म्हणालं हद्द इथे आहे, की पुरावा मागायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारात, चिक्कीच्या दुकानासमोर, मी आक्कांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्का, आज साडी कुठली नेसलीय हो आमच्या मंडळींनी?"

त्यांनी माझ्या डाव्या अंगाला बघितलं. "साडी कुठली? पंजाबी घातलाय की. कालबी त्योच हुता. हिरवागार, आंब्याच्या पानावानी. नवा कोरा हाय, घडीच्या खुना दिसत्यात. वडनी कमरंला बांधलीया."

मी सुटकेचा श्वास टाकला. शैलाने उभ्या जन्मात पंजाबी ड्रेस घातला नाही. केतकीने कितीदा आग्रह केला, ही म्हणायची, मला मेलीला ते घातल्यावर उघडं उघडं वाटतं. म्हणजे आक्कांच्या डोक्यात दुसरीच कुणी बाई होती, त्यांची सून, भाची, कुणीतरी. चला, दगड सापडला. पण गंमत बघा, सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच मी पुन्हा डावीकडे वळून बघितलं. म्हणजे ती नव्हतीच तर.

संध्याकाळी केतकीला फोन केला तेव्हा हा किस्सा मी हसत हसत सांगितला. वेणीचं आधी, मग ड्रेसचं.

"बाबा," ती म्हणाली, "हिरवा म्हणाल्या त्या?"

"हो. आंब्याच्या पानासारखा."

"आईने घेतला होता, बाबा. ट्रिपसाठी. पाण्यात साडी ओली होईल, जड होईल म्हणाली. मी आणि ती लक्ष्मी रोडला जाऊन घेतला. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती... समुद्रावर गेल्यावर एकदम घालणार होती, तुमचं तोंड बघायला. तो माझ्याकडे आहे. इथे पुण्यात, माझ्या कपाटात. अजून घडी मोडलेली नाही."

मग ती रडायला लागली आणि मीही. हॉटेलच्या व्हरांड्यात लोक पत्ते खेळत होते, त्यांच्यासमोर. लाज वाटली नाही.

तुम्ही म्हणाल, आक्कांनी माझ्या मनातलं ओळखलं असेल. अशा गोष्टी असतात म्हणे. पण हिरवा ड्रेस माझ्या मनात नव्हता हो. मला तो माहीतच नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेनळी घाट उतरताना मी खिडकीची जागा सोडली आणि अलीकडच्या सीटवर बसलो. खिडकीवरून आमची एसटीतही भांडणं व्हायची. मंजूताईंनी बघितलं. मी बाहेर बघत होतो, म्हणजे रिकाम्या सीटवरून पलीकडे बघत होतो. मला काहीच दिसलं नाही. हे मी शपथेवर सांगतो, संपूर्ण टूरभर मला एकदाही काही दिसलं नाही. ना सावली, ना वास, ना गार झुळूक. जे होतं ते आक्कांना दिसत होतं, मला नाही. याचं दुःख कसं सांगू?

आणि तरीही मी वाट बघायला लागलो होतो. पोलादपूरला चहा, मंडणगडच्या रस्त्यावर कुणाला उलटी झाली म्हणून थांबा... प्रत्येक वेळी गाडी सुटताना मंजूताई "जोडी सांगा" म्हणाल्या की, मी आधीच आक्कांकडे वळून बसायचो. आक्का वळून बघायच्या. "हायेत, दोघंबी हायेत." मग गाडी सुटायची. मी आयुष्यात देवाकडे कधी काही मागितलं नाही, पण त्या दोन दिवसांत त्या बाईच्या तोंडाकडे मी जसा बघायचो, तसं माणूस गाभाऱ्याकडे बघत असेल.

मुरुडच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दापोलीजवळचं हे मुरुड. सुपारीच्या बागेतून वाट संपते आणि एकदम पाणी समोर येतं. नगरची माणसं आम्ही, सगळी गाडी ओरडली. आक्का चपला हातात घेऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "येवढं पानी! आन् आमच्याकडं टँकरची वाट बघायची." थोड्या वेळाने माझ्याजवळ आल्या. "भाऊ, बाई गेली की पान्यात. तुमी हितं काय करताय?"

"कुठवर गेलीय?"

"घोट्यापत्तुर. लाट आली की मागं पळती, पुन्यांदा जाती. पोरीवानी."

मी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि पाण्यात गेलो. आक्कांनी काठावरून हाताने खूण केली — आनखी डावीकडं. मी डावीकडे सरकलो. तिथे उभं राहून मी शैलाशी बोललो. मोठ्याने. ड्रेस छान दिसतोय म्हणालो, मला दिसत नसताना. केतकीचं बरं चाललंय, काळजी करू नको. मला खिचडी जमायला लागलीय, पण तुझ्यासारखी नाही... असलं काहीबाही. आमच्या टूरची माणसं फोटो काढायचं नाटक करत लांब गेली. चांगली माणसं होती. सूर्य बुडेपर्यंत मी पाण्यात होतो, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली.

तिथून दाभोळची फेरीबोट घेऊन गुहागर. तिथे दोन मुक्काम होते. तिथला किनारा लांबच लांब, मागे सुरूची झाडं. दोन्ही दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिथेच. आक्का येऊन सांगायच्या, बाई चालतीया, बाई बसलीया, बाई शिंपलं येचतीया. मी मनातल्या मनात पुढचे बेत करत होतो. घरी गेल्यावर आक्का जामखेडला जाणार. मग कसं कळणार ती कुठे आहे? महिन्यातून एकदा आक्कांना नगरला बोलवावं, दवाखान्याच्या निमित्ताने. मुलांशी बोलून बघावं. हसू येईल तुम्हाला. पण मी खरोखर हिशेबाने विचार करत होतो. ती घरी येणार हे मी धरून चाललो होतो.

निघायच्या दिवशी सकाळी नाश्ता झाला, सामान चढलं. तिथून कुंभार्ली घाट चढून कराड आणि मग सरळ नगर. मंजूताईंनी माइक घेतला. "चला मंडळी, शेवटची जोडी! मोठ्याने सांगा!"

आवाज यायला लागले. मी म्हणालो, "आक्का आहेत." आक्का माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझ्या शेजारी बघितलं, खिडकीच्या सीटवर. मग उभ्या राहून मागे बघितलं.

"ह्ये हायेत," त्या म्हणाल्या. "बाई न्हाई."

"आक्का, काका आहेत ना? मग झालं की."

"काय झालं? बाई गाडीत बसली न्हाई, आन् सोडताय कशी गाडी? तुमीच सांगितलं हुतं न्हवं, मानूस ऱ्हायलं तर गाडी हालायची न्हाई म्हनून?"

ड्रायव्हर आरशातून बघत होता. मंजूताईंचा चेहरा कसानुसा झाला, त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठलो. "मी बघून येतो," म्हणालो. आक्काही मागोमाग उतरल्या. गाडी थांबली. एकही माणूस कुरकुरलं नाही.

बोळातून आम्ही किनाऱ्यावर आलो. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. आक्कांनी डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे बघितलं आणि बोट दाखवलं. "थितं. सुरूच्या बुडाशी बसलीय की. गाडी सुटायची येळ झाली आन् ही निवांत! हाळी मारा भाऊ. एक हाळी मारा, लगीच यील."

मी तोंड उघडलं. हाक बाहेर येईना. मी तिला नावाने कधी हाक मारली नाही, "अगं ए" म्हणायचो. तेही येईना. आक्का म्हणाल्या, "मारा की." आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"आक्का, ती वारली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग झाडाकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"कवा?"

"शिमग्यात. आजारी होती."

आक्का तिथेच वाळूत बसल्या. घाबरल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "मला वाटलं, रुसलीय. सगळ्या वाटंनं तुमच्याकडं तोंड करून बसायची आन् बोलायची न्हाई. तुमीबी बोलत न्हवता. म्हनलं, असंल काय तरी, नवरा-बायकूचं."

"माझ्याकडे तोंड करून?"

"खिडकी दिली हुती तुमी तिला. पर भाईर कुठं बघत हुती ती? तुमच्याकडंच बघत हुती."

मीही त्यांच्याशेजारी बसलो. म्हणालो, "आक्का, मी बोलावतो तिला. घरी नेतो."

"बोलावली तर यील," आक्का म्हणाल्या. "आपल्या बायका हाळी मारली की येत्यात. जेवत्या ताटावरनं उठून येत्यात. ही बी उठंल. पर भाऊ..."

"काय?"

"लई बरं वाटतंय वो तिला. पाय पसरून बसलीया."

"पाय पसरून? नीट बघा आक्का. दोन्ही पाय?"

"व्हय की. सरळ पसरल्यात. टाचा वाळूत रवल्यात."

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. त्या दुखण्यात माणूस सरळ होऊ शकत नाही. शेवटी शेवटी ती पोटाशी गुडघे घेऊन पडायची, दिवसरात्र. मी पाय चेपायला गेलो तर म्हणायची, हात नका लावू हो. नर्स उशा लावून बघायच्या, उपयोग व्हायचा नाही. तिला शेवटचं न्यायच्या वेळी बायकांनी पाय सरळ करायचा प्रयत्न केला, तो मी दारातून पाहिला आहे. आणि आता ही बाई सांगत होती, टाचा वाळूत रोवून, पाय पसरून बसलीय म्हणून.

एक हाक. मला एकच हाक मारायची होती. ती उठली असती, ओढणी झटकली असती, बोळातून चालत येऊन गाडीत बसली असती. माझं घर पुन्हा भरलं असतं, मला दिसो न दिसो. मी सुरूच्या त्या झाडाकडे बघितलं. सावली होती, सुकलेली पानं होती. माझ्या डोळ्यांना बाकी काही नाही.

मी हाक मारली नाही.

आम्ही परत आलो तेव्हा गाडीतली सगळी माणसं दाराकडे बघत होती. मंजूताईंनी माइक बाजूला ठेवला होता. हळूच म्हणाल्या, "काका?" आक्का आपल्या जागी जाऊन बसल्या. सांगणं माझ्याकडेच होतं.

"ती येत नाहीये," मी म्हणालो. "सोडा गाडी."

गाडी कुंभार्ली घाट चढायला लागली. पुढच्या सीटवरच्या बाई रडत होत्या. आक्कांनी वाटेत एकदा माझ्या हातावर धपाटा ठेवला आणि मी तो खाल्ला.

आता स्पष्टीकरण म्हणाल, तर माझ्याकडे नाही. केतकीने दोन मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, त्यांनी आक्कांच्या वयाबद्दल आणि माझ्या दुःखाबद्दल बरंच सांगितलं, ड्रेसबद्दल काही सांगितलं नाही. मी आक्कांना नंतर फोन केला. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं, भाऊ. दिसलं ते सांगितलं. आदीबी कवा असं दिसलं न्हाई आन् नंतरबी न्हाई." वर्षश्राद्ध झालं. मी स्वयंपाक शिकतोय, संध्याकाळी फिरायला जातो. दिवस जातात.

केतकी म्हणते, बाबा, मे महिन्यात आपण दोघं गुहागरला जाऊ, मला ती जागा बघायचीय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तिला वाटतं मला त्रास होईल म्हणून मी टाळतोय. तसं नाही. मला माझी खात्री नाही. एकदा गप्प बसलो, दुसऱ्यांदा जमणार नाही. तिथे गेलो तर मी हाक मारीन, आणि ती उठेल.